लेकीच्या कॉलेजसाठी घरची एफडी मोडू नका

सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगते. नाशिकरोडचं ख्रिस्ती कुटुंब. वडील ५१ वर्षांचे, सातपूरच्या कंपनीत, हातात येणारा पगार ४६,००० रुपये. आई घर सांभाळून थोडं शिवणकाम करते. लेक बारावी कॉमर्स झाली, बीबीए (व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी) करायचंय, सीईटीही दिली आहे. धाकटा नववीत. बँकेत चार लाखांची एफडी, पीपीएफमध्ये २ लाख ६० हजार आणि फ्लॅटचा ११,५०० रुपयांचा हप्ता अजून चार वर्षं.

लेकीसाठी तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, बंगळुरूकडचं निवासी ख्रिस्ती कॉलेज. फी, होस्टेल, मेस, येणं-जाणं धरून वर्षाला चार लाख. त्यासाठी एफडी मोडायची आणि साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं. दुसरी, परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची ऑनलाइन बीबीए. तिन्ही वर्षांचे मिळून दीड लाख, आणि पोरगी घरीच. या दोन्ही वाटांमागे एकच काळजी आहे. तुमच्याच शब्दांत, ‘बाहेर गेली आणि मंडळीपासून तुटली तर?’ मंडळी म्हणजे आपली चर्चची माणसं.

नाशिकमधल्या कॉलेजचा आकडा तुम्ही पत्राच्या शेवटी कंसात लिहिलात: वर्षाला ५५,०००. त्यापुढे, ‘पण तिथलं वातावरण माहीत नाही.’ आणि त्याच्याही खाली एक ओळ, ‘तिला विचारलं तर म्हणाली, मला वर्गात बसायचंय.’

माझं उत्तर त्या कंसात आणि त्या ओळीत आहे. पण आधी बंगळुरूचं बघू, कारण नुकसान तिथे मोठं आहे.

तुमच्या महिन्याचा हिशेब तुम्हीच नीट मांडलाय. घरहप्ता ११,५००, दशांश (चर्चला द्यायचा पगाराचा दहावा भाग) ४,६००, घरखर्च १९,०००, धाकट्याची शाळा आणि क्लास ४,०००, विमा वगैरे २,४००. उरतात ४,५००. दशांशाला मी हात लावणार नाही. काही सल्लागार पहिली कात्री तिथेच लावतात. मीही याच शहरातल्या मंडळीत वाढले. पगाराच्या दिवशी आई पहिलं पाकीट वेगळं काढून बायबलमध्ये ठेवायची, मग किराण्याची यादी. ज्या घरात हे पाकीट आधी निघतं, त्या घराचा हिशेब उरलेल्या रकमेवरच करायचा असतो. म्हणजे तुमचा पगार माझ्यासाठी ४१,४०० आहे.

आता कर्ज. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, पण वडील सहकर्जदार लागतात. दरवर्षी अडीच लाख उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर तीन वर्षं शिक्षण आणि वरचं एक वर्ष सवलतीचं, एवढ्या काळात साध्या व्याजाचेच २ लाख ३६ हजार चढतात. हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर ९ लाख ८६ हजार असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १३,३००. ताज्या बीबीएला आपल्याकडे पंधरा ते वीस हजारांवर सुरुवात झाली तरी बरं म्हणायचं. पोरीचा अर्ध्याहून जास्त पगार हप्त्यात जाईल. म्हणजे तो हप्ता खरं तर तुम्हीच भरणार. तेव्हा तुम्ही पंचावन्नचे असाल, धाकटा त्याच जूनमध्ये कॉलेजला जाईल, आणि शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन सात वर्षं झालेली असतील.

‘चार वर्षांनी घरहप्ता सुटेल, तोच इकडे वळवू’ असं तुम्ही लिहिलंय. नका वळवू. ते ११,५०० धाकट्याच्या शिक्षणाचे आणि तुमच्या म्हातारपणाचे आहेत. पीएफ आणि ते पीपीएफ सोडलं तर निवृत्तीसाठी तुमच्याकडे दुसरं काही नाही.

व्याज कमी करायचे मार्ग आहेत, तेही सांगते. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे, पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं. आपल्या राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ ख्रिस्ती मुलामुलींना तीन टक्क्यांनी शैक्षणिक कर्ज देतं. ही माहिती धाकट्यासाठी जपून ठेवा. बंगळुरूसाठी मात्र व्याज शून्य झालं तरी माझं मत तेच राहील. मुद्दल तेवढंच फेडायचं आणि एफडीही जाणार. दरमहा ४,५०० उरणाऱ्या घरात चार लाखांची एफडी ही शिल्लक नसते, तो आधार असतो. सहा महिन्यांच्या खर्चाचे अडीच लाख त्यात कायम राहायला हवेत. कंपनीत ले-ऑफ आला किंवा घरात ऑपरेशन निघालं तर दुसरं काय आहे?

आणि हे बारा लाख कशासाठी? बीबीए तर इथेही होते. जास्तीचे पैसे तुम्ही वातावरणासाठी देताय, लेकीचा विश्वास जपला जावा म्हणून. ती काळजी खरी आहे, मी ती हलकी करत नाही. पण ख्रिस्ती नावाचं कॉलेज म्हणजे ख्रिस्ती वातावरण, हे समीकरण तपासून बघा. मुंबईचं विल्सन कॉलेज १८३२ चं, नगरचं अहमदनगर कॉलेज डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं. दोन्ही ख्रिस्ती संस्था, आणि दोन्हींची दारं पहिल्यापासून सर्वांना उघडी. तीच त्यांची थोरवी. तिथे विश्वास आपोआप मिळत नाही, आपला आपण न्यावा लागतो. होस्टेलला ठेवायचंच ठरलं आणि ख्रिस्ती संस्थाच हवी असेल, तर बंगळुरूच्या आधी नगरला जाऊन या. सकाळची एसटी धरली तर संध्याकाळी घरी परत याल.

आता ऑनलाइनबद्दल. मी ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही. मुक्त विद्यापीठाच्या गावात राहून कसं असेन? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याकडे आहे. दिवसभर कंपनीत उभं राहून, रात्री पुस्तकं उघडून तिथून पदवीधर झालेली कितीतरी माणसं मला भेटतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. तेव्हा ‘ऑनलाइनला किंमत नाही’ हे म्हणणं चूक.

किंमत नसते ती मान्यता नसलेल्या पदवीला, आणि तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. माझ्या मावसभावाने गावातल्या एका ‘ॲडमिशन सेंटर’मध्ये ९०,००० भरले होते. चकचकीत ऑफिस, भिंतीवर विद्यापीठाचा बोर्ड, पावतीवर मात्र सेंटरचंच नाव. नोकरीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी झाली तेव्हा कळलं, त्या वर्षी त्या विद्यापीठाला तो कोर्स चालवायची परवानगीच नव्हती. मावशीच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. म्हणून सांगते, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या (डीईबीच्या) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि चालू वर्ष, तिन्ही जुळतात का बघा. प्रवेशाआधी विद्यार्थ्याला तिथे स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, तो तिच्याच मोबाइलवरून काढा. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात. विद्यापीठांना असे कोर्स फ्रँचायझी देऊन चालवता येत नाहीत, त्यामुळे कुणी मध्यस्थ रोख मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

समजा तुमचं विद्यापीठ या चाळणीतून पार पडलं. तरी तुमच्या लेकीसाठी मला ऑनलाइन पटत नाही, आणि कारण पैशाचंच आहे. ऑनलाइनचे दीड लाख आणि लॅपटॉपचे ४५ हजार, म्हणजे १ लाख ९५ हजार. नाशिकच्या कॉलेजची फी तीन वर्षांची १ लाख ६५ हजार, तोच लॅपटॉप, आणि सिटीलिंक बसचा पास, पुस्तकं, कपडे यांचे वर्षाला १५ हजार. एकूण २ लाख ५५ हजार. फरक ६० हजारांचा. ३६ महिन्यांनी भागलं तर महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास.

त्या साडेसोळाशेत काय मिळतं बघा. रोज सकाळी घरातून बाहेर पडणं. पन्नास मुलांसमोर उभं राहून प्रेझेंटेशन देणं. नोकरीला ज्यांचं नाव संदर्भ म्हणून देता येईल असे दोन शिक्षक. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत उन्हाळ्यातली इंटर्नशिप. अठराव्या वर्षी बीबीएत पुस्तकाबाहेरचं जे शिकायचं असतं ते हेच. दोन खोल्यांच्या घरात धाकट्याच्या क्लासच्या गडबडीत, कानात हेडफोन घालून ते येत नाही. तिला नोकरी लागली असती किंवा घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, तर मीच तुम्हाला ऑनलाइनकडे पाठवलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तिथे वर्गात बसू इच्छिणारी मुलगी आहे आणि वर्गाला घाबरणारे आईवडील.

मी तुमच्या जागी असते तर उलटं केलं असतं. धंद्याचं शिक्षण माणसांत, आणि ख्रिस्ती शिक्षण घर, मंडळी आणि हवं तर टपालाने. हो, तेही दूरस्थ मिळतं. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटतर्फे सर्वसामान्य विश्वासणाऱ्यांसाठी ख्रिस्ती अभ्यासाचे दूरस्थ अभ्यासक्रम चालतात. लेक संडे स्कूल घेते असं तुम्ही लिहिलंय. तिला रस असेल तर दुसऱ्या वर्षापासून तो डिप्लोमा करू दे. नोकरीसाठी नाही, तिच्यासाठी. रविवारची उपासना, तरुण संघ, गायनवृंद हे सगळं नाशिकमध्ये राहिली तरच चालू राहील. बंगळुरूला गेली तर तिचा संडे स्कूलचा वर्ग आधी सुटेल, हे तुमच्या लक्षात आलंय का?

आपल्या नाशिकच्या शरणपूरचीच गोष्ट घ्या. १८५० च्या दशकात वसलेल्या त्या वस्तीत गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना बायबलबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. पुढे आफ्रिकेतला मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. ज्यांनी त्याला शिकवलं, त्यांनी त्याला शरणपुरात अडकवून नाही ठेवलं.

आता एक गोष्ट जी तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत: ‘आम्ही ख्रिस्ती, आम्हाला सवलती नाहीत, म्हणून कधी दाखले काढले नाहीत.’ हे वाक्य मी आपल्या लोकांकडून इतकं ऐकते की वाईट वाटतं. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं महाराष्ट्रात इतर मागासवर्गात (ओबीसी) मोडतात. त्या गटात नसाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) रस्ता बघता येतो, तो धर्मावर ठरत नाही. आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींना कॅपमधून, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा, तुमचा हा कोर्स महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर या योजनेत दिसतो का, आणि त्यांना तो स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगा.

दाखल्याचं काम किचकट आहे. माझ्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ लिहिलेलं, कडेला शाईचा डाग. तेवढ्यावर काम होत नव्हतं. मग पणजोबांच्या भावाचा जुना दाखला सापडला, बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा पाळकसाहेबांनी दिला, आणि तीन खेपांनंतर काम झालं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. तुमच्या वडिलांची ट्रंक या रविवारी उघडा.

आणि समजा एक रुपयाचीही सवलत मिळाली नाही. तुमचे महिन्याला उरणारे ४,५०० म्हणजे वर्षाला ५४,०००. फी ५५,०००. ती जवळजवळ सगळी पगारातूनच निघते. लॅपटॉप आणि वरखर्चाचे तीन वर्षांत ९० हजार एफडीतून जातील, तरी तीन लाखांवर रक्कम तशीच राहील. कर्ज नाही, पीपीएफला हात नाही, पाकिटाला हात नाही. सध्याची एफडी एकच असेल तर या नूतनीकरणाला तिचे चार तुकडे करून घ्या, म्हणजे लॅपटॉपसाठी सगळी मोडावी लागणार नाही. विम्याची रक्कम तीन लाखच दिसतेय, टर्म पॉलिसीबद्दल वेगळं लिहा.

‘तिथलं वातावरण माहीत नाही’ याला उपाय सोपा आहे. दोघं मिळून एका दुपारी त्या कॉलेजला जा. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसा, तिच्याच वयाच्या पोरांशी बोला. आमच्या मंडळीतलं इथे कुणी शिकतंय का, हे पाळकसाहेबांना विचारा, बहुधा निघेल. मग कॅपचा पसंतीक्रम तिला भरू द्या. तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन बसा.