डॅशबोर्डची पट्टी आणि दुकानाची सीसी

दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवणाऱ्या एका भाऊंचा प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे 2013 ची बीएमडब्ल्यू 320डी आहे, नागपुरातून सेकंडहँड घेतलेली. डॅशबोर्डवरची लाकडी फिनिशची पट्टी उन्हानं तडकली, वरचं पॉलिश पापुद्र्यांनी सुटतंय, आणि क्लिप तुटल्यामुळे खराब रस्त्यावर ती वाजत राहते. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरनं ऑगस्ट 2025 मध्ये पूर्ण सेटचं 66,550 रुपयांचं कोटेशन दिलं. कुर्ल्याचा एक जुने पार्ट विकणारा तोच सेट कुरिअरसह 16,000 ला देतो म्हणतो. भाऊ विचारतात, "सोताच बसवून पाहू का? इन्शुरन्समधून होते का? नाहीतर सीसीतून काढतो अन् शोरूमलाच करून टाकतो." सीसी म्हणजे दुकानासाठी बँकेनं दिलेलं कॅश क्रेडिट कर्ज.

भाऊ, इन्शुरन्सचं आधी निपटवू. उन्हानं तडकणं ही झीज आहे, अपघात नव्हे, त्यामुळे क्लेम बसत नाही. कुठेतरी ठोकली असं दाखवून बसवायला जाऊ नका. ती फसवणूक तर आहेच, वर हिशोबातही तोटाच. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, 1500 सीसीच्या वरच्या इंजिनाच्या गाडीला पहिले 2,000 आपल्या खिशातून जातात, आणि नो क्लेम बोनस घसरतो तो वेगळाच.

आता कोटेशन. तुम्ही पाठवलेल्या कागदावर पार्ट 46,000 आणि मजुरी 6,500 आहे. पार्टवर 28 टक्के जीएसटी लावलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांचे पार्ट 18 टक्क्यांत आले. म्हणजे तोच कागद आज 61,950 चा व्हायला हवा. नवीन कोटेशन मागितलं की बसल्या जागी 4,600 वाचतात. पण सर्व्हिस सेंटरला जायचं म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या वर येणं-जाणं, डिझेल-टोल आणि दुकानाचा एक दिवस. तो खर्च कागदावर दिसत नाही एवढंच.

तुमच्या प्रश्नात मला खटकली ती सीसी. तुमचा दर 11 टक्के, म्हणजे 62,000 वर वर्षाला 6,820 रुपये व्याज. व्याजाचं मला एवढं वाटत नाही, वेळेचं वाटतं. हरभऱ्याचं बियाणं आणि डीएपी खत भरायच्या दिवसांत सीसीची लिमिट मोकळी लागते. खरिपाची उधारी तुमच्याकडे परत येते ती शेतकऱ्याचा कापूस विकला गेल्यावर. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 आहे खरा, पण हमीभावानं खरेदी करणारी सरकारी सीसीआय 12 टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल घेत नाही. पावसात भिजलेली बोंडं पाहता किती जणांचा कापूस पहिल्या फेरीत परत येईल, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. ज्यांची वसुली लांबेल, त्यांना रब्बीचं खतही तुम्हालाच उधार द्यावं लागणार. अशा वेळी दुकानाची लिमिट गाडीच्या पट्टीत अडकवायची नाही. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हौस घरच्या पैशातून करावी.

मग स्वतः बसवायची का? माझं उत्तर हो, पण अर्धी. दरवाज्याकडच्या आणि डाव्या सीटसमोरच्या पट्ट्या क्लिपवर बसलेल्या असतात. प्लास्टिकचं उचकटायचं टूल काही शेकड्यात मिळतं. स्क्रू ड्रायव्हर अजिबात घालू नका, डॅशबोर्डच्या मऊ कडेवर त्याचा व्रण कायमचा राहतो. कडेला मास्किंग टेप लावा, दरवाज्याकडच्या टोकापासून सुरू करा, पट्टी सरळ आपल्याकडे ओढा, पिरगाळू नका. क्लिप पट्टीसोबत येण्याऐवजी भोकातच राहते, ती पक्कडीनं काढून नव्या पट्टीला चढवावी लागते. चार-पाच जादा क्लिपा आधीच मागवून ठेवा, जुन्या हमखास तुटतात. भर दुपारी तापलेल्या गाडीत हे करू नका आणि डिसेंबरच्या पहाटेही नको, गारठ्यात जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं.

डाव्या पट्टीच्या वरच डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आहे. पिवळं कनेक्टर म्हणजे तिचीच वायर, ते दिसलं की हात मागे. बॅटरीची वायर काढून काम करायचं असेल तर या गाडीची बॅटरी डिक्कीत असते. वायर काढल्यावर डिक्की लावू नका, नाहीतर ती उघडायचीच पंचाईत. मधली पट्टी, जिथे एसीच्या जाळ्या आणि बटणं आहेत, ती यवतमाळच्या एखाद्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. जाळी मोडली की वाचवलेले पैसे तिथेच गेले.

एकूण खर्चाची मर्यादा मी 20,000 धरतो: सेट, क्लिपा, टूल, इलेक्ट्रिशियन, आणि काही मोडलंच तर त्याचेही पैसे त्यातच. त्याच्या वर जात असेल तर पट्टी तडकलेलीच बरी. विकताना नव्या पट्टीचा भाव कोणी वेगळा देत नाही. तडकलेली पाहून घासाघीस मात्र नक्की करतात. म्हणून 16,000 चं गणित जमतं, 62,000 चं जमत नाही. त्यातही 2028 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील आणि पुनर्नोंदणीचा खर्च समोर उभा राहील.

आणि खरं सांगू का, पट्टीच्या आधी इंजिन ऐका. 2013 च्या 320डी मध्ये एन47 डिझेल इंजिन येतं आणि टायमिंग चेन हे त्याचं नावाजलेलं दुखणं. चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे असते, त्यामुळे ती बदलायची म्हणजे मोठी उतरवाउतरव आणि मोठं बिल. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मागून घासल्यासारखा, खडखड आवाज येत असेल तर पट्टीचे 16,000 सुद्धा थांबवा आणि चेनसाठी बाजूला टाका. चेन चालत्या गाडीत तुटली तर इंजिनच जातं.

कुर्ल्याच्या माणसाला पैसे पाठवण्याआधी सेटच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. पार्ट नंबर तिथे छापलेला असतो, तो तुमच्या पट्टीशी जुळतो का ते पाहा, आणि सगळ्या क्लिपांची घरं शाबूत आहेत का तेही. सेट उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचाच आहे ना, हे लिहून घ्या; ऑनलाइन स्वस्तात दिसणारे परदेशी सेट बहुतेक डाव्या स्टिअरिंगचे असतात आणि आपल्या गाडीत ते बसतच नाहीत. बिल देत नसेल तर निदान पैसे यूपीआयनं द्या, रोख नको. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.