अमेरिकेतून आयफोन मागवताना अनलॉक्ड घ्यावा की तिथल्या कंपनीच्या प्लॅनवरचा?

तुमचा मामेभाऊ अमेरिकेहून खानापूरला येतोय, तिथल्या दुकानात तोच आयफोन कंपनीच्या प्लॅनवर बराच स्वस्त दिसतोय, मग जास्त पैसे कशाला घालायचे, असं तुम्ही विचारलंय. घाला. अनलॉक्डच मागवा, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमला न बांधलेला, कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा. बेळगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून जरा खुलासेवार लिहितो.

तिथली सवलत फोनवर नसते, प्लॅनवर असते. एटी अँड टी किंवा व्हेरायझन या तिथल्या मोबाईल नेटवर्क कंपन्यांचे हप्ते ३६ महिन्यांचे, आणि सवलतही दरमहा बिलातून थोडी थोडी वळती होते. एटी अँड टी तर सगळे पैसे फिटल्याशिवाय लॉक काढतच नाही. तोवर त्यात जिओ घाला नाहीतर एअरटेल, नेटवर्क येणार नाही.

"घेऊन या, इथं लॉक काढून देतो" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पूर्वी सिमखाली एक पातळ चिप बसवून काम भागवायचे, आणि अपडेट आला की तीही बंद पडायची. आता तीही सोय नाही, कारण २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमचा ट्रेच नसतो. सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या सिमवर, वेगळं कार्ड नाही.

भावाला सांगा, फोन चालू केल्यावर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन खाली 'कॅरियर लॉक' बघ. समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तरच ठेव, नाहीतर परत करायची मुदत आहे तोवर दुकानात नेऊन दे. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नको. त्या ओळीचा फोटो मागवून घ्या, बिलही जपून आणायला सांगा.

ई-सिमची चौकशी मात्र तुम्ही आत्ताच करा. आपल्या सीमाभागात बऱ्याच जणांचा नंबर कोल्हापूर नाहीतर चंदगडला घेतलेला, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचा (कंपनीच्या महाराष्ट्र विभागाचा) असतो. इथल्या काउंटरवर त्याचं ई-सिम करून देतीलच असं नाही, आधी विचारून ठेवा. आणि साधं सिम बदलून ई-सिम केलं की २४ तास एसएमएस बंद राहतात, बँकेचा ओटीपी येत नाही. दवाखान्याचे किंवा कॉलेज फीचे पैसे भरायचे असतील त्या दिवशी हे काम काढू नका.

अँड्रॉइड मागवणार असाल तर आणखी एक अडचण आहे. जिओला टूजी-थ्रीजी नाही, कॉल व्होल्टीईवर, म्हणजे फोरजी नेटवर्कवरूनच जातो. अमेरिकन नेटवर्क कंपनीकडून घेतलेल्या काही मॉडेलमध्ये लॉक काढल्यावरही इथलं व्होल्टीई चालत नाही. नेट धावतं, पण कॉल लागत नाही. तसा विचार असेल तर पैसे देण्याआधी नेमका मॉडेल नंबर इथे टाका, बघून सांगतो.