टॅबलेट रिसेट मारू नका, आधी कोर्सची झिप उघडून पाहा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचा तो मे महिना आठवला. तुम्ही लिहिलं तेच आमचंही होतं: लॅपटॉपवर कोर्स मक्खन चालतो, टॅबलेटवर ड्रॅग-ड्रॉपची (चित्र बोटानं ओढून ठेवायची) स्लाइड आली की अडकतो, वायफायचं स्पीड चांगलं दाखवते, आणि सपोर्टवाले म्हणून राहिले की सगळे टॅबलेट फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखे करा. हे शेवटचं तेवढं आज करू नका, हात जोडतो.

मी इंजिनियर नाही, हिंगणा एमआयडीसीत कामगारांना सेफ्टी ट्रेनिंग देतो, त्यामुळं सांगतो ते भोगलेलं आहे, तुमचं मॉडेल वेगळं असेल तर थोडंफार इकडचं तिकडं होईल. रीस्टार्ट, कॅशे, अपडेट हे तुम्ही करून चुकल्याच असाल, ते सोडतो.

आमच्याकडं १४ टॅबलेट, २ जीबी रॅमचे (रॅम म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी). एका स्लाइडवर हेल्मेटचं चित्र बोटानं ओढून माणसाच्या डोक्यावर ठेवायचं होतं. वयानं मोठे एक कामगार बसले होते, त्यांचं बोट डोक्यापाशी पोचलं तरी हेल्मेट जागच्या जागी, बोट उचललं तेव्हा ते अर्ध्या रस्त्यात येऊन पडलं आणि लाल फुली. तीनदा तसंच झालं. मग हळूच मला म्हणाले, "सर, माझंच चुकून राहिलं का?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं, आणि मला ते धड समजावून सांगता येत नव्हतं.

कोर्स बनवून देणाऱ्यांच्या हेल्पडेस्कला फोन लावला, नाव घेत नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा, आणि उत्तर एकच, तुमचं नेट स्लो आहे. नवा राउटर आणला, काही फरक नाही. मग म्हणे रिसेट करा. मी एका संध्याकाळी बसून चौदाच्या चौदा केले. आमचा कोर्स अ‍ॅपमध्ये ऑफलाइन चालायचा आणि दोन आठवड्यांचे निकाल टॅबलेटमध्येच पडून होते, सिंक झालेच नव्हते, म्हणजे नेटवरून सर्व्हरवर चढलेच नव्हते. सगळे गेले. रिसेटच्या आधी सिंक झालं का, एवढं एक वाक्य त्यांनी विचारायला पाहिजे होतं, आणि पाहायला मीही पाहिजे होतं. नाइट शिफ्ट करून आलेल्या लोकांना परत त्याच परीक्षेला बसवावं लागलं, त्यांचे ते थकलेले चेहरे पाहून फार वाईट वाटलं. आणि एवढं करून कोर्स तसाच अडकत होता! वर आमच्या तक्रारीचं तिकीट बंद, शेरा काय तर "समस्या सुटली". अजून संताप येतो.

म्हणून आधी दोन मिनिटांची टेस्ट करा. कोर्स अ‍ॅपमध्ये पूर्ण डाउनलोड करा, वायफाय बंद करा, तीच स्लाइड उघडा. तरी अडकली तर नेटचा काही संबंध नाही, नेटवर पैसे घालू नका.

मग बनवणाऱ्यांकडून कोर्सचं स्कॉर्म पॅकेज मागवा, म्हणजे ऑनलाइन कोर्ससाठी ठरलेल्या पद्धतीनं बांधलेला फाइलींचा गठ्ठा, ती साधी झिप असते. लॅपटॉपवर उघडा, सगळ्या फाइल साइजप्रमाणं लावा, आणि मोठ्या फोटोंचे पिक्सेल पाहा, म्हणजे फोटो किती ठिपके रुंद आणि किती उंच ते. एमबीवर जाऊ नका, मी तिथंच फसत होतो. आमच्या त्या स्लाइडवर कारखान्याचे तीन फोटो निघाले, कॅमेऱ्यातून काढले तसेच टाकलेले, ६००० बाय ४०००. फाइल ५-५ एमबीची, पण स्क्रीनवर दाखवताना फोटो पूर्ण उघडतो आणि दर पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एका फोटोला ९६ एमबी. तिघांचे २८८. त्यात अँड्रॉइड, त्यात अ‍ॅप, २ जीबीचा टॅबलेट बिचारा काय करणार? लॅपटॉपला ८ जीबी असते, त्याला जाणवतही नाही, आणि बनवणारे टेस्ट लॅपटॉपवरच करतात! आमच्या टॅबलेटची स्क्रीन १२८० बाय ८००, तेवढ्या मापाचा फोटो ४ एमबीत भागतो. माझं स्पष्ट मत आहे, ज्या टॅबलेटवर लोक शिकणार त्यावर चालवून दाखवल्याशिवाय कोर्स ताब्यात घेऊच नये.

फोटो बारीक करून, व्हिडिओ ७२०पी एच.२६४ या टॅबलेटला झेपणाऱ्या प्रकारात काढून कोर्स परत बनवून घेतला. हेल्मेट बोटाला चिकटून जायला लागलं.

आणखी एक, आपल्याकडच्या उन्हात टिनाच्या शेडखाली टॅबलेट तापला की प्रोसेसर आपोआप मंद होतो, त्यात चार्जिंगला लावलेला आणि जाड कव्हर चढवलेला असेल तर झालंच. टेस्ट सकाळी करा, चार्जर काढून. आणि कोर्स मधेच बंद केल्यावर कुठपर्यंत आला होता ते विसरत असेल तर ते दुखणं वेगळं, स्कॉर्म १.२ मध्ये त्या नोंदीला ४०९६ अक्षरांचीच जागा असते, कोर्स लांबलचक असला की ती भरते. कोर्स तोडून दोन करायला सांगा.

तुमच्या बनवणाऱ्यांचं शेवटचं पेमेंट बाकी असेल तर सोर्स फाइल (ज्यात कोर्स बदलता येतो ती मूळ फाइल) हातात आल्याशिवाय ते सोडू नका. आम्ही सोडलं होतं, म्हणून तीन फोटो बदलायचे वेगळे पैसे मोजावे लागले. झिप उघडली की सगळ्यात मोठ्या चार-पाच फाइलींची नावं आणि पिक्सेल इथं टाका, रात्री पाहून सांगतो.