नेपल्सचा पिझ्झा आणि शाकाहारी आई

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही इटलीला जात असून नेपल्समध्ये तीन दिवस मुक्काम आहे. सोबत माझी ६८ वर्षांची आई आहे. ती पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. मुलांना तिथल्या एखाद्या साध्या पिझ्झेरियात जेवायचे आहे. पण आईला काय चालेल आणि चुकून भलतेच काही पानात येईल का, याची मला काळजी वाटते. शिवाय घरी आम्ही दोन पिझ्झे मागवून पाच जणांत वाटून खातो. तिथे तसे चालते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शाकाहारी माणसासाठी नेपल्सची साधी पिझ्झेरिया ही इटलीतील सर्वांत सोयीच्या जागांपैकी एक आहे, त्यामुळे आईंना तिथे अवश्य न्या. पारंपरिक नेपल्स पिझ्झाच्या कणकेत मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. अंडे, दूध किंवा लोणी त्यात पडत नाही. तिथला जुना मारिनारा पिझ्झा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. हे नाव दर्यावर्दींवरून आलेले असल्यामुळे पुष्कळांना त्यात मासे असावेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यात मासे नसतात आणि चीजही नसते. दुसरा मार्गेरिता, म्हणजे टोमॅटो, मोझारेला आणि तुळशीच्या कुळातील बेझिलची पाने. १८७० पासून चालत आलेली ‘दा मिकेले’ ही तिथली प्रसिद्ध पिझ्झेरिया आजही प्रामुख्याने याच दोन प्रकारांवर उभी आहे. माझे स्वतःचे मतही असे आहे की तिथे जाऊन भरगच्च पिझ्झा मागवू नये, कारण टोमॅटोची आणि भट्टीची खरी चव या दोनच प्रकारांत कळते.

मात्र चीजबद्दल आईंना आधीच सांगून ठेवा. भारतात मिळणारे बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले विकर, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरून केलेले असते. इटलीत अनेक पारंपरिक चीजसाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट नावाचे विकर वापरतात. पार्मिजानो रेज्जानोसाठी आणि कांपानिया प्रांताच्या मानांकित म्हशीच्या मोझारेलासाठी तर ते नियमानेच वापरावे लागते. इटलीत दुधाचा पदार्थ म्हणजे शाकाहारीच असे मानले जात असल्याने वाढणारा माणूस ही गोष्ट आपणहून सांगणार नाही. आईंना हे चालत नसेल, तर मारिनारा मागवावा आणि मार्गेरिताच्या वाटेला जाऊ नये. तिथे गेल्यावर तडजोड करायला लावण्यापेक्षा निर्णय घरीच त्यांच्यावर सोपवलेला बरा.

मेनू वाचताना ‘अच्चूगे’ किंवा ‘अलीची’ हे शब्द दिसले, तर ते अँकोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे आहेत, हे लक्षात ठेवा. ‘प्रोशुत्तो’ आणि ‘सालामे’ हे डुकराच्या मांसाचे प्रकार आहेत. उलट ‘पेपेरोनी’ हे मांसाचे नाव वाटून घाबरू नका. इटालियनमध्ये ती साधी ढोबळी मिरची असते. तळलेला पिझ्झा मुलांना फार आवडेल, पण त्याच्या पारंपरिक सारणात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात, म्हणून तो आईंच्या पानात वाढू नका. मागणी देताना ‘निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे’, म्हणजे ‘मांस नको, मासे नकोत’, असे दोन्ही वेगवेगळे सांगा.

आता वाटून खाण्याविषयी. नेपल्समध्ये पिझ्झा माणशी एक, ताटभर आणि न कापलेला येतो; सुरी-काट्याने खातात किंवा तुकडा दुमडून हातात धरतात. पाच जणांत दोन मागवणे तिथल्या रीतीला धरून होत नाही, विशेषतः बाहेर रांग असताना. पिझ्झा पातळ असतो, त्यामुळे मोठ्या माणसाला एक सहज संपतो. लहान मुलांत आणि आईंसोबत एकेक वाटून घेतला, तर कोणी काही म्हणणार नाही. साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सियसच्या लाकडी भट्टीत तो जेमतेम ६० ते ९० सेकंद असतो. म्हणून कडा फुगून तिच्यावर काळे ठिपके उमटतात आणि मधला भाग रसामुळे ओलसर, लवचीक राहतो. तो कच्चा किंवा करपलेला आहे असे समजून परत पाठवू नका. चुलीवरच्या भाकरीला पडणारे डाग पाहिलेल्या आईंना ते लगेच ओळखू येतील. शक्य असेल तर भट्टीसमोरचे टेबल मागा. कणकेचा गोळा केवळ बोटांनी पसरवण्याची ही कारागिरी युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

संध्याकाळी दार उघडण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण सातला पोहोचा. आईंना रांगेत ताटकळावे लागणार नाही. बिलात ‘कोपेर्तो’ नावाने माणशी एक-दोन युरो लावलेले असतील. ती टेबलाची आकारणी असून मेनूवर आधीच लिहिलेली असते, त्यामुळे वेगळी टीप देण्याचे बंधन वाटून घेऊ नका. पाणीही बाटलीतूनच विकत येते.

प्रश्न : रोममध्ये वजनावर मिळणारा पिझ्झा शाकाहारी माणसाने घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घ्यावा, पण दोन गोष्टी विचारून. हा पिझ्झा मोठ्या आयताकृती ट्रेमध्ये भाजतात आणि किती हवा ते हाताने दाखवले की तेवढा कापून देतात. फलकावरची किंमत किलोची आहे की १०० ग्रॅमची, हे आधी पाहून घ्या. बटाटा आणि रोझमेरीचा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो व तो उत्तम लागतो. मात्र काही दुकानांत कणकेत ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी घालतात, म्हणून तो शब्द उच्चारून विचारा. तसेच एकाच कात्रीने सगळे प्रकार कापले जातात. ज्यांना तेही चालत नाही, त्यांनी आपला तुकडा कापण्याआधी कात्री पुसून घ्यायला सांगावे.