वाचकांचे प्रश्न : सातबारा, द्राक्षबाग आणि युरोपचा व्हिसा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निफाड तालुक्यात द्राक्षांची शेती करतो. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे महिनाभर राहण्यासाठी नाशिकच्या एका एजंटामार्फत व्हिसाचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. पत्रात दोन कारणांपुढे खूण आहे : प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाविषयीची माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी आम्ही परत फिरू याबद्दल शंका वाटते. आम्ही आयकर विवरणपत्र भरत नाही. एजंटाच्या सांगण्यावरून मेहुण्यांकडून चार लाख रुपये घेऊन खात्यात ठेवले होते. आता अपील करावे की नव्याने अर्ज? आणि एवढी बाग सोडून आम्ही तिकडे कशाला राहू?
— एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर : अपिलाचे आधी सांगतो. जर्मन वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करण्याची जी सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे आता जर्मनीतील प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे किंवा नव्याने अर्ज करणे असे दोनच मार्ग उरतात, आणि आपल्यासारख्या प्रकरणात दुसराच मार्ग शहाणपणाचा आहे. पहिला नकार शेंगेन देशांच्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) सामाईक व्हिसा प्रणालीत नोंदलेला असतो, म्हणून तो लपवण्याच्या भानगडीत पडू नये. उलट सोबतच्या पत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करून, त्या वेळी काय राहून गेले होते आणि या वेळी काय जोडले आहे, हे लिहावे.

बाग सोडून आपण तिकडे राहणार नाही, ही गोष्ट निफाडमध्ये कोणालाही सांगावी लागणार नाही. परंतु मुंबईच्या वाणिज्य दूतावासात बसलेल्या अधिकाऱ्यापुढे बाग नसते, फक्त कागद असतात. त्या कागदांत विवरणपत्र नाही, खात्यावर अर्ज करण्यापूर्वी एकाएकी चार लाख जमा झालेले आहेत आणि ते कोठून आले याचा खुलासा नाही, असे चित्र असेल तर शंका येणे स्वाभाविक आहे. खात्यात मोठी रक्कम दिसली की काम होते, हा सल्ला एजंट मंडळी सर्रास देतात आणि तो सपशेल चुकीचा आहे. अधिकारी शिल्लक पाहतो त्याहून अधिक बारकाईने ती शिल्लक कशी तयार झाली ते पाहतो.

शेतीचे उत्पन्न आयकर कायद्यानुसार करमुक्त असल्याने विवरणपत्र नसणे हा दोष नाही, पण ही गोष्ट अर्जात एका वाक्यात सांगावी लागते आणि उत्पन्नाचा दुसरा पुरावा द्यावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ८-अ चा खातेउतारा दोन्ही काढावेत. सातबाऱ्यावर भावांची नावे सामाईक असतील तर आपल्या हिश्श्याचे क्षेत्र कोणते, ते पत्रात लिहावे. मागील दोन-तीन हंगामांच्या व्यापाऱ्याच्या किंवा बाजार समितीच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) जोडाव्यात आणि त्यांतील रकमा बँकेच्या उताऱ्यात जेथे जमा दिसतात तेथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी, म्हणजे पट्टी आणि खाते यांचा मेळ पाहणाऱ्याला शोधावा लागत नाही. आपला माल निर्यातीला जात असेल तर ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीतील बागेच्या नोंदणीचा कागद अवश्य लावावा, ज्या युरोपात आपली द्राक्षे रीतसर नोंदणीने जातात, तेथे जाऊ इच्छिणाऱ्या बागाईतदाराची ओळख पटवणारा याहून चांगला कागद क्वचितच मिळेल.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक आहे आणि ते स्वतः, नाहीतर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून, ओळ न ओळ तपासून घ्यावे. सातबाऱ्यावरील १.६० हे हेक्टर-आरमधील क्षेत्र असते, म्हणजे सुमारे चार एकर. भाषांतरकाराने त्याचे ‘१.६० एकर’ केले, तर आपली निम्म्याहून अधिक जमीन कागदावरच नाहीशी होते.

आता परतीचा मुद्दा. द्राक्ष बागाईतदाराला परत का यावे लागते, याचे उत्तर छाटणीच्या वेळापत्रकात आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि तिच्यानंतरची विरळणी व शेंडे मारण्याची कामे उरकली की पावसाळ्यात थोडी उसंत मिळते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीला मालक बांधावर हवाच असतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या तारखा मागून, त्या काळात बाग कोण पाहणार आणि ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी परतणे का भाग आहे, हे आपल्या शब्दांत एका पानात लिहावे. एजंटाकडचे छापील पत्र अधिकाऱ्याने शेकडो वेळा वाचलेले असते.

मुलाने त्याच्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयातून आपल्या खर्चाची हमी घेणारे ‘फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचे औपचारिक हमीपत्र काढून मूळ प्रत पाठवावी. साधे निमंत्रणपत्र तेवढे वजनदार ठरत नाही. अर्थात ते खर्चाचा प्रश्न सोडवते, परतीचा नव्हे. मेहुण्यांचे पैसे परत करून टाकावेत आणि काही महिने खाते नेहमीच्या व्यवहारांवर चालू द्यावे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते, शिवाय उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणेच अवघड होते, हे ध्यानात घेऊन हालचाल करावी. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे व नकार आल्यास ते परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचे पक्के तिकीट काढू नये, आरक्षण दाखवणे पुरेसे असते. प्रवास विमा मात्र किमान ३०,००० युरोंचा हवा. आणखी एक : अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातील कर्मचारी निर्णय घेत नाहीत, त्यामुळे ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

प्रश्न : माझा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, पण बँक खाते व घराची कागदपत्रे सासरच्या नावाने आहेत. पासपोर्ट बदलून घ्यावा का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदलण्याची सक्ती नाही. अर्ज, विमा आणि तिकीट यांवर पासपोर्टातले नाव अक्षरशः तसेच असावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला भाषांतरासह जोडावा. पासपोर्टची मुदत तेवढी तपासावी : शेंगेन देशांतून परत निघण्याच्या तारखेनंतर ती किमान तीन महिने शिल्लक हवी आणि दोन पाने कोरी हवीत.

प्रश्न : पॅरिसमध्ये चार रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री राहणार आहोत, विमान पॅरिसला उतरते. अर्ज कोणाकडे करायचा?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : स्वित्झर्लंडकडे. हा देश युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे, आणि अर्ज जेथे मुक्काम अधिक त्या देशाकडे करायचा असतो. रात्री समान असत्या, तर प्रथम प्रवेशाचा देश म्हणून फ्रान्सकडे जावे लागले असते. भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून मुक्कामाच्या रात्री कागदावर इकडच्या तिकडे करू नयेत. हॉटेलची आरक्षणे आणि अर्ज यांत फरक आढळला तर नकारासाठी तेवढे कारण पुरते.