विमानाला टांगलेला बॉम्ब विमानातच का फुटत नाही, आणि सुरुवातीच्या काळात ही सोय कशी केली होती?

तुम्ही एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. विमान हादरलं, लँडिंगला आपटलं तरी पोटाखालचा बॉम्ब का फुटत नाही, पहिल्या महायुद्धाच्या काळात हे कसं जमवायचे, आणि न फुटता पडलेल्या बॉम्बची सेफ्टी परत लागते का. माझा हा नोकरीचा विषय नाही, मी मेकॅनिकलवाला, पण फ्यूजच्या, म्हणजे बॉम्ब कधी फुटायचा ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, इतिहासावर हाताला लागेल ते वाचत आलोय, त्यामुळे जरा मोठंच लिहितो.

आधी मुख्य मुद्दा. बॉम्बच्या पोटातली जी मोठी दारू असते, टीएनटी वगैरे, ती तशी शांत असते, कारखान्यात वितळवून बॉम्बच्या कवचात ओततात तिला. तिला जागं करायला एक छोटा, अतिशय चिडका डोस लागतो, जुन्या काळी मर्क्युरी फल्मिनेट असायचं त्यात, तो म्हणजे डेटोनेटर. सगळा धोका त्या चिमूटभर डोसात. म्हणून सेफ्टी म्हणजे काय, तर तो डोस आणि त्याच्यावर आपटणारी सुई, म्हणजे स्ट्रायकर, यांची गाठ बॉम्ब विमानापासून सुटून लांब जाईपर्यंत पडू द्यायची नाही, आणि मग मात्र नक्की पडू द्यायची. हे 'मग' बॉम्बला कळणार कसं, यावर इंजिनिअर लोकांनी पन्नासेक वर्षं डोकं लावलंय.

तोफेच्या गोळ्याचं काम सोपं होतं. तोफ उडाली की गोळ्याला मागून प्रचंड धक्का बसतो आणि नळीतल्या आट्यांमुळे तो गरागरा फिरायला लागतो, आणि या दोन्ही गोष्टी गोदामात किंवा बैलगाडीत कधीच घडत नाहीत, त्यामुळे तोफगोळ्याच्या फ्यूजला या धक्क्यावरून आणि फिरण्यावरून कळतं की आता आपण निघालो. विमानातल्या बॉम्बचं तसं नाही हो, तो नुसता सुटतो. सुटताना धक्का नाही, फिरणं नाही, काही नाही. उलट खडबडीत मैदानावर विमान उतरताना त्याला जास्त हादरे बसतात. त्यामुळे तोफखान्याचे फ्यूज उचलून तसेच बॉम्बला लावता येईनात, आणि पडताना मिळते पण एरवी मिळत नाही अशी एखादी खूण शोधणं भाग पडलं.

विमानांच्याही आधीचा एक प्रयत्न सांगतो. 1849 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियन सैन्याने व्हेनिसला वेढा घातला होता, तोफा शहरापर्यंत नीट पोचत नव्हत्या, तेव्हा फ्रान्झ फॉन उखाटियस नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने बिनमाणसाचे फुगे सोडले, प्रत्येकाला एक बॉम्ब लटकवलेला. टायमिंग काय, तर जळती वात. वारा किती आहे ते आधी बघायचं, त्या हिशोबाने वात कापायची, ती जळत जळत संपली की बॉम्ब खाली. एकदा पेटवली की तुमच्या हातात काही राहत नाही. वारा फिरला आणि काही फुगे आपल्याच लोकांच्या दिशेने परत आले. नुकसान फारसं झालं नाही, पण नुसत्या वेळेवर भरवसा ठेवला की काय होतं हे तिथे दिसलं.

मग थेट 1 नोव्हेंबर 1911. इटली आणि तुर्कस्तानचं युद्ध चालू होतं, लिबियात. जुलिओ गावोत्ती हा इटालियन लेफ्टनंट एत्रिख टाउबे विमान घेऊन त्रिपोलीजवळच्या ऐन झाराकडे निघाला. त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे, त्यामुळे कॉकपिटमध्ये काय काय झालं ते आपल्याला बरंच नीट कळतं. बॉम्बच्या पेट्या आल्या पण कसे वापरायचे ते वरच्यांनी काहीच सांगितलं नाही, असं तो लिहितो. त्याने सीटशेजारी आतून मऊ अस्तर लावलेली एक चामड्याची पिशवी बसवली, तीत तीन गोळे ठेवले, चौथा जॅकेटच्या खिशात. चिपेल्ली नावाचे हे गोल बॉम्ब, प्रत्येकी दीड-दोन किलोचे. डेटोनेटर वेगळे, ते बसवायचे वर गेल्यावरच. ओअॅसिस, म्हणजे वाळवंटातली हिरवळ, साधारण किलोमीटरभरावर आल्यावर त्याने एका हाताने सुकाणूचं चाक धरून दुसऱ्या हाताने एक गोळा मांडीवर घेतला, मग उजव्या हातात धरून सुरक्षेची पट्टी ओढून काढली आणि पंखाला लागणार नाही अशा बेताने बाहेर भिरकावला. थोड्या वेळाने तळावर काळा ढग दिसला. विमानातून बॉम्ब टाकण्याची ही पहिली घटना मानतात, आणि खाली तंबूंमध्ये माणसं होती, हे विसरून मला तरी ती वाचता येत नाही.

आता सेफ्टीच्या नजरेने बघा. इथे सगळी सेफ्टी म्हणजे गावोत्तीचे दोन हात. पट्टी ओढल्यावर गोळा हातातून निसटून पायाशी पडला असता तर विमान, पायलट, सगळंच गेलं असतं. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हाही बऱ्याच ठिकाणी असाच कारभार होता, हातात बॉम्ब, पिन काढा आणि टाका. फ्रेंचांनी तर नुसते पोलादी बाणही टाकले विमानातून, त्यांना फ्यूजच नको.

खरी सुधारणा आली ती वाऱ्यातून. बॉम्ब पडताना त्याच्या अंगावरून जोरात वारा जातो, ही ती हवी असलेली खूण. म्हणून फ्यूजला छोटा पंखा लावला, जत्रेत मिळतं त्या भिरभिऱ्यासारखा, फक्त धातूचा. हा पंखा आट्यांच्या दांड्यावर बसवलेला असतो. विमानावर असताना एक तार किंवा काटा त्याला अडवून धरतो. बॉम्ब सुटला की ती तार विमानाकडेच राहते, पंखा मोकळा होतो, वाऱ्याने फिरायला लागतो, फिरता फिरता दांडा आट्यांतून बाहेर येत जातो आणि पुरेसे वेढे झाले की आतला स्ट्रायकर सुटा होतो. त्यानंतर जमिनीवर आपटला की फुटणार, त्याआधी आपटला तर नाही. ब्रिटिशांच्या नौदलाच्या वैमानिकांकडे 20 पौंडी हेल बॉम्ब होते त्यांना मागे असा पंखा होता, जर्मनांच्या कार्बोनिट बॉम्बलाही होता. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते कारण तिच्यात उंची मोजायचं यंत्र नाही, घड्याळ नाही, बॅटरी नाही, नुसते आटे आणि वारा. किती वेढ्यांनंतर सुटायचं हे आट्यांची लांबी ठरवते, म्हणजे बॉम्ब विमानापासून किती लांब गेल्यावर जिवंत होणार हे कारखान्यातच ठरून जातं.

पण याची दुसरी बाजू लगेच समोर आली. 22 सप्टेंबर 1914 ला कॉलेट हा ब्रिटिश वैमानिक ड्युसेलडॉर्फच्या झेपेलिन शेडवर गेला, झेपेलिन म्हणजे जर्मनांची अवाढव्य हवाई जहाजं. धुकं होतं, त्यातून बाहेर आला तेव्हा तो जमिनीपासून जेमतेम 120 मीटरवर होता, टाकलेले बॉम्ब शेडवर लागले पण फुटले नाहीत. कारण म्हणून बहुतेक वेळा हेच सांगतात की फार खालून टाकले. हिशोब करून बघा, 120 मीटर पडायला साधारण 5 सेकंद लागतात, आणि सुरुवातीला वेग कमी म्हणजे वाराही कमी, पंखा धड फिरतच नाही. 8 ऑक्टोबरला त्याच शेडवर मॅरिक्स हा दुसरा ब्रिटिश वैमानिक गेला, सॉपविथ टॅब्लॉइड विमान घेऊन, त्याने सुमारे 180 मीटरवरून तेच 20 पौंडी हेल टाकले आणि आतलं झेड 9 हे झेपेलिन जळून खाक झालं. परतताना इंधन संपून तो आपल्या तळाच्या, अँटवर्पच्या, अलीकडेच उतरला आणि पुढचा काही रस्ता सायकलवरून गाठला. सेफ्टी वाढवली तर खालून टाकलेला बॉम्ब मेलेला पडतो, कमी केली तर आपलाच वैमानिक जातो, आणि या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे.

जर्मनांनी युद्धाच्या उत्तरार्धात वेगळी वाट काढली. त्यांचे पीयूडब्ल्यू बॉम्ब लांबट, टोकदार, आणि शेपटाचे पंख मुद्दाम थोडे तिरके, त्यामुळे पडताना अख्खा बॉम्बच फिरायचा. फिरला की आतली वजनं बाहेरच्या बाजूला सरकायची आणि फ्यूज मोकळा. म्हणजे तोफगोळ्याची फिरण्याची खूण त्यांनी वाऱ्याकडून उसनी मिळवली. बाहेर नाजूक पंखा नाही, वाकायचा-गंजायचा प्रश्न नाही.

ती अडवणारी तार वर सांगितली तिचा अजून एक उपयोग होता जो लोकांना माहीत नसतो. विमानाचं इंजिन बिघडलं, भार कमी करायचाय आणि खाली आपलंच गाव आहे, तर? तेव्हा तारच विमानापासून सोडून द्यायची, ती बॉम्बबरोबर खाली जाते, पंखा अडकलेलाच राहतो, बॉम्ब मेलेला पडतो. दुसऱ्या महायुद्धात ही रोजची पद्धत होती. शंभर टक्के खात्री नाही, पण नसल्यापेक्षा कितीतरी बरी.

दोन युद्धांच्या मधल्या काळात राइनमेटालच्या हर्बर्ट र्‍युलेमान याने पंखा, आटे सगळं बाजूला ठेवून विजेचा फ्यूज केला. बॉम्ब विमानावर असताना फ्यूजमध्ये वीजच नसते. सुटतानाच विमानातल्या बॅटरीतून त्यातल्या कंडेन्सरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, चार्ज मिळतो, तोही लगेच कामाचा नाही, आतल्या रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवणाऱ्या भागातून, हळूहळू झिरपत दुसऱ्या कंडेन्सरमध्ये जातो आणि तो भरला की मगच बॉम्ब जिवंत. त्या काही सेकंदांत बॉम्ब विमानापासून लांब गेलेला असतो. ज्याच्यात ऊर्जाच नाही तो फुटणार कशाने? गोदामात पडो, रेल्वेत आदळो. सेफ्टी म्हणून बघितलं तर माझ्या मते त्या काळातलं हे सगळ्यात स्वच्छ उत्तर. स्पेनच्या यादवी युद्धात हे फ्यूज वापरले गेले आणि 1940 मध्ये लंडनवर पडले.

आणि इथेच मला या इतिहासाचा राग येतो. फ्यूजच्या अॅल्युमिनियमच्या डोक्यावर गोलात नंबर कोरलेला असायचा, 15, 17, 50 असा. 15 म्हणजे आपटल्यावर फुटणारा. 17 मध्ये घड्याळ, तास-दिवसांनी फुटणारा. 50 म्हणजे हलवला की फुटणारा. म्हणजे आपल्या वैमानिकाला जपायला शोधलेलं ज्ञान आता बॉम्ब निकामी करायला येणाऱ्या माणसाला मारायला वापरलं. 2 सप्टेंबर 1940 ला वेल्समधल्या लँडार्सीच्या तेल कारखान्यात लेफ्टनंट बर्ट्राम आर्चर यांनी शेजारी टाक्या जळत असताना 17 नंबरचा फ्यूज काढला, तर त्याच्या खाली अजून एक यंत्र निघालं, झूस 40, फ्यूज उपसला की उडावं म्हणून लावलेलं. आर्चर वाचले, त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला आणि ते शंभरी पाहून गेले. बॉम्ब निकामी करणारे ब्रिटिश उमराव अर्ल ऑफ सफोक इतके नशीबवान नव्हते, मे 1941 मध्ये एरिथच्या दलदलीत एका बॉम्बवर काम करताना ते, त्यांची सेक्रेटरी आणि ड्रायव्हर आणि सोबतचे सैनिक गेले.

आता एक गंमतशीर म्हणण्यापेक्षा अंगावर काटा येणारी गोष्ट. 6 ऑगस्ट 1945, हिरोशिमाचा बॉम्ब. पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर त्या दिवसांत बॉम्ब भरलेली अमेरिकन बी-29 विमानं टेकऑफलाच कोसळून जळत होती, ते बघून बॉम्बची जबाबदारी असलेल्या कॅप्टन विल्यम पार्सन्सने ठरवलं की बॉम्ब पूर्ण जोडून उडायचंच नाही. विमान हवेत गेल्यावर तो बॉम्बच्या कप्प्यात उतरला आणि अडचणीत वाकून हाताने कॉर्डाइटचा, म्हणजे स्फोटक दारूचा, चार्ज भरला. नंतर त्याचा मदतनीस जेप्सन याने बॉम्ब बंद ठेवणारे तीन हिरवे प्लग काढून तो जिवंत करणारे तीन लाल बसवले. मधली 34 वर्षं, पंखे, तारा, कंडेन्सर सगळं झालं, आणि इतक्या भयंकर बॉम्बला शेवटी गावोत्तीचीच रीत, चिडका भाग वेगळा ठेवा, वर गेल्यावर हाताने जोडा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. नाही, सेफ्टी परत लागत नाही. पंखा उलटा फिरून आटे परत बसत नाहीत. न फुटलेला बॉम्ब म्हणजे सेफ्टी निघालेली आहे आणि कुठेतरी काहीतरी अडकलंय, किंवा अर्धवट निघालीये, बाहेरून दोन्हींत फरक दिसत नाही. फॉकलंडच्या युद्धात 1982 मध्ये अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी इतक्या खालून बॉम्ब टाकले की बरेच ब्रिटिश जहाजांत घुसून तसेच राहिले, अगदी कॉलेटचीच अडचण, पण अँटिलोप जहाजातला तसलाच एक बॉम्ब निकामी करताना फुटला आणि प्रिस्कॉट नावाचा बॉम्ब डिस्पोजलवाला गेला. जर्मनीत ग्योटिंगेनला 1 जून 2010 ला दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असतानाच फुटला, तीन अनुभवी तज्ज्ञ गेले. त्यात रसायनाने हळूहळू काम करणारा फ्यूज होता, 65 वर्षांनीही तो संपला नव्हता.

आपल्याकडेही फायरिंग रेंजजवळच्या गावांत भंगारात पितळ-लोखंडाला भाव मिळतो म्हणून लोक असले गोळे उचलतात, ठोकून उघडतात. तुमच्या भागात रेंज असेल तर घरातल्या मुलांना एवढं सांगून ठेवा की गंजलेला असो, अर्धा पुरलेला असो, पाय लावायचा नाही, मोबाइल काढून जवळून फोटो घ्यायचा नाही, मागे फिरायचं आणि 112 ला फोन करायचा.