खिडकी उखडण्याआधी विचारा

जुन्या शाळांच्या खिडक्यांबद्दल पत्रे येतच असतात, आणि बहुतेकांत निकाल कंत्राटदाराने आधीच दिलेला असतो.

प्रश्न : लाकूड कुजले आहे, सगळ्या खिडक्या बदला असे कंत्राटदार म्हणतो.

सगळ्या एकदम कशा कुजतील? पाणी मुरते ते झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत आणि चौकटीच्या तळाशी. तिथे दाभण टोचून पाहा. ते सहज रुतेल तेवढे लाकूड कापून त्याच जातीचा तुकडा सांधता येतो. मात्र पाहणी जुन्या वास्तूंचे काम जाणणाऱ्याकडून, खिडकीगणिक करून घ्या. नव्या खिडक्या विकणाऱ्याकडून नको.

प्रश्न : काच खाली जाड झाली आहे. काच हळूहळू वाहते ना?

नाही. जुन्या पद्धतीची काच मुळातच कमी-जास्त जाडीची असे. फ्लोट पद्धतीची, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगवून केलेली, एकसारखी काच १९५९ नंतरची. तडा नसेल तर हात लावू नका.

प्रश्न : यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) दुहेरी काचेच्या खिडक्यांना देखभाल लागत नाही म्हणतात.

विकताना असेच सांगतात. दोन काचांमधले सील गेले की आत बाष्प धरते आणि ते अख्खे युनिट बदलावे लागते. वारा बहुतेक फटींतून येतो. आधी बिजागऱ्या नीट करा, फटींना पट्टी लावा, मग ठरवा.

प्रश्न : सुट्टीत पालक आणि मोठी मुले मिळून जुना रंग घासणार आहोत. कोणता पॉलिश पेपर घ्यावा?

कोणताही नाही. हे काम आजच थांबवा. जुन्या तैलरंगांत शिसे सर्रास असे, आणि वरून नवा रंग दिला म्हणून खालचे थर नाहीसे होत नाहीत. कोरडे घासले की त्याची बारीक धूळ बाकांवर, जमिनीवर बसते आणि मुलांच्या हातांवाटे पोटात जाते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. ब्लोलॅम्पच्या ज्योतीने रंग जाळणे तर आणखी घातक, विषारी वाफ थेट श्वासात जाते. झाडू मारल्याने धूळ फक्त उडते. ‘आम्ही वर्षानुवर्षे असेच घासतो, कुणाला काही झाले नाही,’ हे मला रंगारी नेहमी ऐकवतात. शिशाचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, रक्ततपासणीत दिसतो. आधी रंगाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. शिसे निघाले तर प्रशिक्षित माणसे, खोली बंद, ओले खरवडणे, अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. आणि सफाई तपासून होईपर्यंत मूल आत नको. अख्खी खिडकी उखडतानाही हीच धूळ उडते. घासणे आधीच झाले असेल तर खोली बंद करा आणि मुलांच्या डॉक्टरांशी आजच बोला.

प्रश्न : मागच्या बाजूच्या खिडक्यांना परवानगी लागते का?

इमारत वारसा यादीत असेल तर बहुधा लागते. काम काढण्याआधी लेखी विचारा.